वस्ताद, प्रोफेसर आणि प्रमाणपत्र

पहाटे इंदापूर तालुक्यातल्या कोणत्याही डांबरी रस्त्यावर उभे राहावे, पळणारी मुले दिसतात. वरकुटे असो, भिगवण असो किंवा बारामतीकडे जाणारा रस्ता असो, चित्र सारखेच. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. सैन्यभरतीची तयारी करणारे वेगळे. या मुलांसाठी तालुक्याच्या गावी ‘भरतीपूर्व प्रशिक्षण’ देणाऱ्या अकादम्या निघाल्या आहेत. बाजारपेठेतल्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आरसे लावलेल्या व्यायामशाळा आहेत. लोक त्यांना जिम म्हणतात. थोडे जास्त पैसे भरले की तेथे एकट्याकडे लक्ष देणारा शिक्षकही मिळतो. तो ‘पर्सनल ट्रेनर’.

मग एखादा पालक शाळेत येऊन विचारतो, “गुरुजी, पोराला तिथं घालू का? शिकवणारा माणूस कसा आहे?” शिकवणीच्या वर्गाबद्दल विचारले असते तर शिक्षकाने चटकन उत्तर दिले असते. येथे मात्र तो अडखळतो. दंड पिळदार आहेत, भिंतीवर चौकटीत एक प्रमाणपत्र आहे, सैन्यातून निवृत्त झाला आहे, एवढेच त्याला सांगता येते. यांपैकी कोणत्या गोष्टीवरून त्या माणसाला व्यायाम शिकवता येतो हे कळते?

प्रश्न नवा वाटतो, पण महाराष्ट्रात तो निदान दोनशे वर्षे विचारला जात आहे. दर पिढीने त्याचे उत्तर वेगळे दिले. ती उत्तरे तपासून पाहिली तर वरच्या तिन्ही खुणा कोठून आल्या हे समजते.

पहिले उत्तर तालमीचे. ‘वस्ताद’ हा शब्द फारसी ‘उस्ताद’वरून आलेला. वस्ताद व्हायला परीक्षा नव्हती. ज्याने मैदाने मारली, ज्याचे पट्ठे मैदाने मारतात, तो वस्ताद. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल दरबारी आले आणि त्यांनी आव्हान दिले. बाळंभटदादांनी मुदत मागितली, ते वणीच्या सप्तशृंगीला गेले, तेथे झाडावरच्या वानरांच्या हालचालींवरून त्यांना मल्लखांबाची कल्पना सुचली, आणि परत येऊन त्यांनी गुलाबला चीत केले. अलीने मग कुस्ती सोडूनच दिली. कथेतला तपशील कितपत खरा हे बाजूला ठेवू. समाजाने गुरूची परीक्षा कशी घेतली ते या कथेत स्पष्ट दिसते. एक कुस्ती, निकाल सर्वांच्या समोर. बाळंभटदादांच्या शिष्यपरंपरेने पुढे मल्लखांब दूरवर नेला.

या कसोटीची एक बाजू फार चांगली होती. वस्ताद आपल्या पट्ठ्याला वर्षानुवर्षे रोज पाहत असे. त्याचा श्वास कधी तुटतो, कोणता गुडघा दुखतो, खुराक पचतो की नाही, हे त्याला माहीत असे. पट्ठा मैदानात पडला की वस्तादाचेही नाव पडे. म्हणजे शिकवणाऱ्याला शिकवण्याच्या परिणामाची झळ लागत होती. आजच्या महिन्याच्या वर्गणीत ती लागत नाही.

दुसरी बाजू विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ओळखायला हवी. तालमीत मैदान मारणारे दिसत. खांदा निखळल्याने, गुडघा गेल्याने किंवा शरीराला न पेलल्याने जे घरी बसले ते दिसत नसत, आणि त्यांची नोंद कोणी ठेवत नसे. शंभर मुलांपैकी पाच जण उत्तम पैलवान झाले, तर त्यांना घडवणारी पद्धत उत्तम होती, की ती पाच मुले कोणत्याही पद्धतीत टिकलीच असती? उरलेल्या पंच्याण्णवांची हकीकत कळल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. एखाद्या अकादमीच्या फलकावर भरती झालेल्या मुलांचे फोटो असतात, तेव्हाही हाच प्रश्न विचारावा. एकूण किती मुले आली होती? अर्धवट सोडून गेली ती का गेली? शिवाय तालमीचे दार मुलींना बंद होते, तेव्हा निम्म्या समाजाच्या शरीराबद्दल वस्तादाला काही शिकण्याची संधीच नव्हती.

तालमीतली एक गोष्ट मात्र आजच्या शरीरशास्त्राच्या कसोटीवरही खरी ठरते. जुना वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी थोडेच जोर आणि थोड्याच बैठका काढायला लावी आणि आकडा हळूहळू चढवी. हे का बरोबर आहे, ते जरा सविस्तर पाहू, कारण चुकीच्या शिक्षकाचा सर्वांत मोठा धोका येथेच आहे.

बैठक मारताना आपण खाली जातो तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू ताणलेला असतो आणि त्याच वेळी शरीराचा भार सावरत लांब होत असतो. आखडत असताना लांब होणे, ही स्नायूला सर्वांत जास्त इजा करणारी क्रिया आहे. डोंगर चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरण्याने, ते याचमुळे. सवय नसलेल्या स्नायूतील सूक्ष्म तंतू या ताणाने ठिकठिकाणी विस्कटतात. इजा थोडी असेल तर आठवड्याभरात भरून येते, आणि तोच स्नायू पुढचे काही आठवडे तशा ताणाला पुष्कळ कमी दुखावतो. म्हणजे पहिल्या दिवशीच्या वीस बैठका ही पुढच्या शंभर बैठकांसाठी टोचलेली एक प्रकारची लसच असते.

पहिल्याच दिवशी तीनशे काढायला लावल्या तर काय होते? स्नायूपेशींची आवरणे मोठ्या प्रमाणात फुटतात आणि आतले मायोग्लोबिन नावाचे लाल प्रथिन रक्तात उतरते. ते मूत्रपिंडात गाळले जाते आणि तेथील सूक्ष्म नलिकांना इजा करते. लघवी काळ्या चहासारखी होते. मूत्रपिंडे निकामी होऊन माणूस दगावूही शकतो. हा संबंध वैद्यकाला स्पष्टपणे कळला तो व्यायामामुळे नव्हे, तर युद्धामुळे. १९४१ मध्ये लंडनवरील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली पाय चिरडलेले लोक बाहेर काढल्यावर बरे दिसत, आणि काही दिवसांनी मूत्रपिंडे बंद पडून मरत. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. तसाच विकार सैन्यातल्या नवशिक्यांमध्ये, आणि शिक्षा म्हणून भरमसाट उठाबशा काढाव्या लागलेल्या मुलांमध्येही आढळलेला आहे. (शाळेत शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहेच. पण ज्यांना उठाबशा ही ‘निरुपद्रवी’ शिक्षा वाटते त्यांच्यासाठी ही माहिती.) ऊन आणि अंगातले पाणी कमी होणे यांनी धोका आणखी वाढतो. पहिल्या दिवशी नव्या मुलाला ‘दम काढून दाखव’ म्हणणारा शिक्षक कितीही नावाजलेला असला तरी त्याच्याकडे मुलाला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भार हळूहळू वाढवण्याच्या या रीतीला आकड्यांची शिस्त लागली तीही युद्धाच्याच काळात. अमेरिकेच्या एका लष्करी रुग्णालयात थॉमस डिलॉर्म हा डॉक्टर जखमी सैनिकांच्या गुडघ्यांवर उपचार करीत होता. त्या वेळी अशा रुग्णांना हलके व्यायाम पुष्कळ वेळा करायला लावण्याची पद्धत होती. डिलॉर्म स्वतः वजने उचलणारा होता. त्याने उलट केले. रुग्णाला जास्तीत जास्त दहाच वेळा उचलता येईल असे वजन शोधायचे, त्याच्या आधाराने व्यायाम द्यायचा आणि ते वजन ठराविक काळाने पुन्हा मोजून वाढवायचे. १९४५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. आज जिममध्ये ‘दहाचे तीन सेट’ म्हणतात त्याचा उगम या कामात आहे. त्यातली खरी गोम दहा किंवा तीन या आकड्यांत नसून त्या माणसाची ताकद आधी मोजण्यात आहे. गोम विसरून आकडे तेवढे उरले आहेत.

आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वस्तादाशेजारी एक नवी व्यक्ती आली, तिचे नाव ‘प्रोफेसर’. त्या काळी सर्कशीतले कसरतपटू, जादूगार, छातीवर हत्ती उभा करणारे बलवान, सगळेच नावामागे ‘प्रो.’ लावीत. प्रो. राममूर्तींचे नाव जुन्या माणसांनी ऐकलेले असेल. ही चाल युरोपच्या रंगमंचावरून आली. जगप्रसिद्ध बलवान युजेन सँडो याचा गुरूही ‘प्रोफेसर अ‍ॅटिला’ म्हणवून घेई. कोणत्याही विद्यापीठाचा त्याच्याशी संबंध नव्हता. पदवीच्या भुकेल्या समाजात पदवीसारखे दिसणारे काहीही चालते, आणि हे त्या काळापुरतेच खरे नाही.

सँडो १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेला. पण त्याच्याही आधी त्याची पुस्तके आणि स्प्रिंगची उपकरणे येथे पोचली होती. टपालाने मिळणारा हा पहिला व्यायामशिक्षक म्हणता येईल. आज मोबाइलवर चित्रफिती पाहून व्यायाम करणाऱ्या मुलांनी औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची गोष्ट ऐकावी. त्यांनी तरुणपणी सँडोची साधने आणि पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे नेमाने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या राजांच्या उदाहरणाने ते सूर्यनमस्काराकडे वळले, आणि मग तो त्यांचा ध्यासच झाला. त्यांनी औंध संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, १९२८ मध्ये त्यावर इंग्रजीतून पुस्तक लिहिले. त्यांच्या योजनेत ट्रेनर जवळजवळ नव्हताच. क्रम ठरलेला, साधन नको, जागा सतरंजीएवढी. निरोगी मुलासाठी हे पुष्कळच चांगले. पण ज्याच्या पाठीच्या मणक्यात दोष आहे त्याने किती वाकावे, हे पुस्तक सांगू शकत नव्हते.

सरकारी शाळांत तिसरीच व्यक्ती होती. १८८२ च्या हंटर आयोगाने देशी खेळ, जिम्नॅस्टिक्स आणि शालेय कवायत यांना उत्तेजन द्यावे असे सुचवले. कवायत शिकवायची तर कवायत येणारा माणूस पाहिजे, आणि तो पलटणीतून निवृत्त झालेल्यांत सहज सापडे. हा ड्रिल मास्तर. त्याला हुकूम देता येत, रांग सरळ करता येई. दहा वर्षांच्या मुलाचे शरीर आणि पंचवीस वर्षांच्या शिपायाचे शरीर यांत फरक आहे हे मात्र त्याला कोणी शिकवले नव्हते, त्यामुळे दोष त्याला देऊन उपयोग नाही. आजच्या अकादम्यांतून निवृत्त जवानाला जो मान मिळतो त्याचे मूळ इतके जुने आहे. शिस्त आणि वक्तशीरपणा हे त्याचे गुण खरेच मोलाचे आहेत. फक्त सैन्यात त्याच्यासमोर जी मुले आली ती वैद्यकीय तपासणीतून गाळून आलेली होती. गावातली मुले तशी आलेली नसतात. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही उमेदवार दगावले, त्यानंतर भरतीतील धावण्याच्या नियमांत बदल करण्यात आले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत व्यायामशिक्षक ‘तयार’ करण्याची कल्पना रुजली. बडोद्याला जुम्मादादांच्या आखाड्यात त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव यांनी देशी व्यायामांना सांघिक रूप दिले, कवायतीला देशी भाषेतले हुकूम दिले. एका वस्तादासमोर चार पट्ठे असायचे तेथे एका शिक्षकासमोर दोनशे मुले उभी राहू लागली. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. पुढे तेथे बाहेरगावच्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरू लागले, आणि १९३६ मध्ये मंडळाच्या पथकाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामांची प्रात्यक्षिके केली. मद्रासला हॅरी बक यांनी वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय १९२० मध्ये सुरू केले होते. पुण्यात १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांचे महाराष्ट्रीय मंडळ निघाले. बडोद्यातच द. चिं. मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात प्रसिद्ध केले. हे खंड ज्यांच्या शाळेच्या कपाटात असतील त्यांनी ते जरूर उघडून पाहावेत, एवढा तपशील दुसरीकडे मिळणार नाही.

पण या सगळ्यांत आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा माणूस मला जगन्नाथ गणेश गुणे वाटतो. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) या नावाने ते ओळखले जातात. ते माणिकरावांचे शिष्य. बडोद्यात त्यांनी १९०७ ते १९१० या काळात देशी व्यायामाचे शिक्षण घेतले, पुढे अमळनेरला अध्यापन केले. नर्मदाकाठी मालसर येथे माधवदास महाराजांकडे ते योग शिकले. म्हणजे वस्तादाची परंपरा आणि गुरूची परंपरा, दोन्ही त्यांच्याकडे होत्या. जुन्या कसोटीने त्यांची पात्रता पूर्ण झाली होती. ते तेथे थांबले नाहीत. गुरू जे सांगतात ते शरीरात खरोखर घडते का, हे त्यांना पाहायचे होते. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्या विद्यार्थ्यांची क्ष-किरणांनी तपासणी करवली. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले, त्यात हे प्रयोग छापले.

त्यांतला एक प्रयोग वर्गात सांगण्याजोगा आहे. हठयोगातल्या बस्ती या क्रियेत पाण्यात बसून नौली केली की गुदद्वारातील नळीतून पाणी आपोआप वर चढते. हे कसे होते याची परंपरेत स्पष्टीकरणे होती, त्यांत वायूला ‘वर खेचण्याची’ भाषा असे. कुवलयानंदांनी आतड्यात नळी घालून तिचे दुसरे टोक पाऱ्याच्या दाबमापकाला जोडले. नौली करताना पोटाच्या पुढच्या सरळ स्नायूंचा खांब उभा राहतो, पोकळीचे आकारमान वाढते, आणि आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो. पिचकारीचा दट्ट्या ओढल्यावर पाणी चढते तसेच पाणी चढते. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले, ‘माधवदास निर्वात’. गुरूचा मान राखून त्यांनी गुरुपरंपरेचे स्पष्टीकरण बदलले, हे मला विशेष वाटते.

दुसरा प्रयोग जास्त धाडसाचा. दीर्घ श्वासाने, प्राणायामाने शरीराला पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो, असे तेव्हा सगळे सांगत (आजही सांगतात). कुवलयानंदांनी आत घेतलेल्या आणि बाहेर टाकलेल्या हवेचे पृथक्करण करून पाहिले, आणि प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या प्रमाणात शोधू नये, असे म्हटले. आज याचे कारण शाळेच्या पुस्तकातल्या ज्ञानाने सांगता येते. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचे हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच ९७-९८ टक्के प्राणवायूने भरलेले असते. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत भर ती किती पडणार? उलट जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येते. प्राणायाम शिकवणाऱ्या माणसाने, प्राणायामावर श्रद्धा असताना, प्राणायामाच्या बाजूने केला जाणारा सर्वांत लोकप्रिय दावा स्वतः मोजून सोडून दिला. व्यायामशिक्षकाची पात्रता म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी हे उदाहरण देईन.

त्यांचे प्रयोग आजच्या मापाने लहान होते. माणसे मोजकी, तुलनेसाठी दुसरा गट बहुधा नाही. त्यांच्या नावावर आज जे पुष्कळसे दावे खपवले जातात त्यांचा त्या प्रयोगांशी संबंध नसतो, हेही सांगितले पाहिजे.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे आले, आणि १९३८ मध्ये कांदिवलीला शिक्षकांसाठी शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था उघडली. ड्रिल मास्तराच्या जागी प्रशिक्षित शिक्षक येण्याची ही सुरुवात. स्वातंत्र्यानंतर ग्वाल्हेरचे महाविद्यालय (१९५७), पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था (१९६१), पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचे चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय (१९७७) अशी मालिका झाली. शाळेत शिकवायला बी.पी.एड. लागते आणि तो अभ्यासक्रम १९९३ च्या कायद्याने निर्माण झालेल्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या कक्षेत येतो.

ही सगळी व्यवस्था शाळेच्या आणि क्रीडासंकुलाच्या दारापर्यंत आहे. बाजारपेठेतल्या वरच्या मजल्यावर ती पोचत नाही. जिममध्ये शिकवणाऱ्याकडे अमुक पदवी असलीच पाहिजे असा देशभर लागू होणारा कायदा नाही. कौशल्य विकासाच्या योजनेत ‘फिटनेस ट्रेनर’साठी निकष ठरवलेले आहेत, परदेशी संस्थांच्या परीक्षाही आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ही संस्था १९५४ ची, तिची प्रमाणपत्रे १९७५ पासूनची. पण हे सारे ऐच्छिक. एका शनिवार-रविवारात मिळालेले प्रमाणपत्र आणि वर्षभर शरीररचना शिकून मिळालेले प्रमाणपत्र, दोन्ही सारख्याच चौकटीत लावता येतात. म्हणून प्रमाणपत्र पाहताना ते कोणी दिले, किती काळाच्या अभ्यासानंतर दिले, प्रात्यक्षिक परीक्षा होती का, आणि ते कधी संपते, हे वाचावे. प्रथमोपचार आणि छातीदाबाने हृदय चालू ठेवण्याचे प्रशिक्षण झाले आहे का, हे वेगळे विचारावे.

आणखी एक गोष्ट. उत्तम शिक्षकही सर्व कामांसाठी उत्तम नसतो. गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या मातीत तयार झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवरच्या कुस्तीचे नियम नवे होते. तेथे त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाचे मार्गदर्शन मिळाले आणि ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. मातीतले वस्ताद कमी प्रतीचे होते असे याचा अर्थ कोणी करणार नाही. तसेच वजने उचलून देह कमावलेल्या माणसाला १६०० मीटर धावणाऱ्या मुलीला काय शिकवायचे ते येईलच असे नाही.

मग पालकाला काय सांगायचे? ट्रेनरशी पाच मिनिटे बोलून पाहावे, आणि त्याला दोन-तीन साधे प्रश्न विचारावेत. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी अंग का दुखते? ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साचते’ असे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळेल. श्रमाने वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येते आणि दुखणे सुरू होते त्यानंतर कितीतरी तासांनी. थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच हे दुखणे स्नायूच्या आत फाटण्यामुळे असावे असे सुचवले होते. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके किती? ‘२२० वजा वय’, म्हणजे अठराव्या वर्षी २०२. हे सूत्र १९७१ च्या सुमारास काही अभ्यासांच्या आकड्यांतून ओढलेली ढोबळ रेषा आहे. २००१ च्या एका सूत्राप्रमाणे (२०८ वजा वयाच्या ०.७ पट) तोच आकडा १९५ येतो, आणि प्रत्यक्ष माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. हे सूत्र ट्रेनरला माहीत नसले तरी फारसे बिघडत नाही, पण आकडा सांगून ‘एवढे ठोके झालेच पाहिजेत’ असा हट्ट धरणारा धोक्याचा. आणि तो भुकटीचे डबे किंवा इंजेक्शने स्वतःच विकत असेल तर पुढे बोलूच नये. टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत १९३५ मध्ये बनले, १९५८ पासून तशा गोळ्या अमेरिकेत वजन उचलणाऱ्यांच्या हाती गेल्या. वाढत्या वयाच्या मुलांत अशा औषधांनी हाडांची वाढ वेळेआधी थांबू शकते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ट्रेनर आपल्याला काय विचारतो ते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात १९७० च्या दशकात व्यायाम सुरू करणाऱ्यांसाठी सात प्रश्नांचा एक कागद तयार झाला. डॉक्टरांनी हृदयविकार असल्याचे सांगितले आहे का, श्रम करताना छातीत दुखते का, चक्कर येते का किंवा शुद्ध हरपते का, हाडे किंवा सांधे दुखतात का, रक्तदाबाचे औषध चालू आहे का, असे हे प्रश्न. एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर आधी डॉक्टरकडे जायचे. आपल्याकडे त्यात कावीळ, डेंग्यू किंवा ताप नुकताच येऊन गेला का, आणि सकाळी काही खाऊन आलास का, हे दोन प्रश्न वाढवायला हवेत असे मला वाटते. हा कागद मराठीत करून नववी-दहावीच्या मुलांकडून, विश्रांतीच्या वेळच्या नाडीच्या ठोक्यांच्या नोंदीसह, एका तासात भरून घेता येतो. मूळ कागदातला शेवटचा प्रश्न असा आहे की, तुम्ही व्यायाम करू नये असे आणखी एखादे कारण तुम्हाला माहीत आहे का? मुले या प्रश्नाला लगेच ‘नाही’ म्हणतात. थोडे थांबले की एखादी मुलगी सांगते, गेल्या वर्षी प्रार्थनेच्या वेळी दोनदा चक्कर येऊन पडले होते.